तू कॅडेट्सचा

आडनाव विचारणारी माणसं मला नवी नाहीत. कोल्हापुरात वाढलो. तिथं आडनावानंतर पेठ, पेठेनंतर गल्ली आणि गल्लीनंतर 'मग अमक्याचा कोण तू?' ही चौकशीची पायरी न् पायरी पाठ असते. पण नुसतं आडनाव ऐकून माझा फुटबॉल क्लब सांगणारा माणूस मला एकदाच भेटला, तोही मॉरिशसमध्ये. आणि त्यानं सांगितलेला क्लब तिथल्या लीगमधून केव्हाच गेलेला होता.

एबेनच्या सायबरसिटीत आमच्या कंपनीचं काम चालू होतं आणि मी चौदा महिन्यांसाठी तिकडे गेलो होतो. जाऊन महिना झाला असेल. मे महिन्यातला रविवार, करायला काही नाही, म्हणून क्यूरपीपला लीगचा सामना बघायला गेलो. क्यूरपीपबद्दल तिथले लोक म्हणतात की तिथं दोनच ऋतू, लहान पावसाळा आणि मोठा पावसाळा. गगनबावडा पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. बारीक झिमझिम, अंगाला चिकटणारं धुकं आणि समुद्राच्या देशात आलोय हे विसरायला लावणारी थंडी. स्टेडियमचं नाव जॉर्ज पाचवा, लोकांच्या तोंडी 'जॉर्ज सँक'. मैदानावर यजमान क्यूरपीप स्टारलाइट आणि उत्तरेकडचे पाम्प्लेमूस. दोन्ही संघ देशातले नावाजलेले, आणि स्टँडमध्ये आम्ही इतके कमी की खेळाडूंनी ठरवलं असतं तर आम्हाला मोजून चहा पाठवता आला असता. खेळाडू एकमेकांना काय म्हणतात, पंच कुणाला दटावतो, बुटाचा बॉलला लागल्याचा तो ओला 'थप्प' आवाज, सगळं स्पष्ट ऐकू येत होतं. फुटबॉलच्या मैदानात इतकं स्पष्ट ऐकू येणं बरं लक्षण नाही, एवढं मला कळत होतं.

शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते. डोक्यावर लोकरीची टोपी, मांडीवर घडी केलेली छत्री, हातात कागदात गुंडाळलेली ढोलपुरी. ढोलपुरी म्हणजे आपल्या पुरणपोळीची बिनगुळाची चुलत बहीण. आत वाटलेली डाळ, वर वाटाण्यासारख्या दाण्यांची रस्सेदार उसळ आणि डोळ्यांत पाणी आणणारी मिरचीची चटणी. तिचा वास माझ्यापर्यंत येत होता आणि मी बहुतेक तिकडे फारच बघत होतो, कारण त्यांनी जोडीतली एक काढून माझ्यापुढे धरली. मग हिंदी सिनेमातून शिकलेल्या आणि भोजपुरीत मुरलेल्या हिंदीत विचारलं, इंडिया? हो. कुठं? महाराष्ट्र. 'आं, मराठी!' मग नाव विचारलं. मी आडनावासकट सांगितलं. त्यांनी घास संपवला, बोटं कागदाला पुसली आणि सातबारा वाचून दाखवावा तशा खात्रीनं म्हणाले, 'मग तू कॅडेट्सचा.'

कॅडेट्स म्हटल्यावर मला एनसीसी आठवली. खाकी चड्डी, राजाराम कॉलेजचं मैदान, परेडनंतर मिळणारा वडापाव. मी हसलो. ते हसले नाहीत.

मध्यंतरात त्यांनी सगळं उलगडून सांगितलं. ते सांगत होते आणि समोर दोन पोरं रिकाम्या गोलवर पेनल्टी मारत होती. पूर्वी तिथं क्लब निवडायचा नसायचा, तो जन्मासोबत मिळायचा. हिंदूंचा हिंदू कॅडेट्स, मुसलमानांचा मुस्लिम स्काउट्स, तमिळांचा तमिळ कॅडेट्स, गोऱ्या फ्रेंच घराण्यांचा डोडो क्लब. फायर ब्रिगेड हे नाव अग्निशामक दलाचं, पण पाठीराखे क्रिओल, म्हणजे आफ्रिकी वंशाचे. ऐंशीच्या दशकात सरकारनं नावांतले धर्म आणि जाती काढायला लावल्या. मुस्लिम स्काउट्सचा झाला स्काउट्स क्लब, हिंदू कॅडेट्सचा कॅडेट्स क्लब. पाटी बदलली, पाटीखालची माणसं तीच. मराठ्यांचा वेगळा क्लब होता का, असं मी विचारलं. 'तुम्ही थोडे. तुम्ही कॅडेट्समध्येच,' ते म्हणाले. नंतर कळलं की देशाच्या घटनेतही हिशेब असाच आहे. हिंदू, मुस्लिम, चिनी आणि उरलेले सगळे ते 'सर्वसाधारण', असे चार रकाने. मराठी, तमिळ, तेलुगू हे सगळे पहिल्या रकान्यात. तेव्हा माझ्या आडनावाचा त्यांनी लावलेला अर्थ नियमाला धरूनच होता.

पण तो शब्द डोक्यात राहिला. रात्री बसमधून रोझ हिलला उतरलो तरी राहिला. तू कॅडेट्सचा. राग यावा असं त्यात काही नव्हतं. म्हातारा प्रेमानंच बोलला होता, ढोलपुरीही दिली होती. परक्या देशात कुणीतरी तुम्हाला एका स्टँडमध्ये जागा देतो तेव्हा खरं म्हणजे बरंच वाटतं. बरं वाटलं, तेच तर खुपत होतं.

हे सगळं ऐकून 'कसले मागासलेले लोक' असं म्हणायची सोय आपल्याला नाही. मुंबईत १९१२ पासून चौरंगी आणि १९३७ पासून पंचरंगी क्रिकेट असंच चालायचं. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि या चारांत न बसणारे ते 'द रेस्ट', म्हणजे बाकीचे. माझे आजोबा विजय हजाऱ्यांचे भक्त. सांगलीचा माणूस म्हणून त्यांना हजारे म्हणजे जवळजवळ पाव्हणेच. हजारे ख्रिस्ती, म्हणून बाकीच्यांकडून खेळायचे. १९४३-४४ च्या अंतिम सामन्यात हिंदूंविरुद्ध या 'बाकीच्यां'नी ३८७ धावा केल्या, त्यातल्या ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या. आजोबा हे सांगताना टाळी द्यायला हात पुढं करायचे. आपल्या सांगलीच्या पोरानं कुणाची धुलाई केली, तर हिंदूंची. आणि टाळ्या वाजवणारे आजोबा स्वतः माळकरी. त्यांना त्यात काही विसंगत वाटायचं नाही. गांधीजींनी १९४० सालीच ही स्पर्धा बंद व्हावी असं म्हटलं होतं, ती १९४६ मध्ये थांबली. मरीन ड्राइव्हवर हिंदू, पारशी, इस्लाम हे जिमखाने मात्र अजून ओळीनं उभे आहेत आणि त्यांच्या पाट्याही त्याच आहेत. आपण नशीबवान, आपल्याकडचा तो प्रकार गोडीगुलाबीनं मिटला, निदान मैदानापुरता तरी.

मॉरिशसचा नाही मिटला.

१९९९ चा तो हंगाम. म्हाताऱ्यांनी त्याबद्दल त्या दिवशी एकच वाक्य उच्चारलं होतं, 'नंतर ते झालं', आणि हाताचा पंजा हवेत उपडा केला होता. बाकीचं मी इकडूनतिकडून जमवलं, आणि जो तो सांगताना आवाज खाली आणायचा. त्या वर्षी देश आधीच तापलेला होता. फेब्रुवारीत काया हा सेगेचा, म्हणजे तिथल्या सेगा आणि रेगे यांच्या मिश्र संगीताचा, लाडका गायक पोलीस कोठडीत मेला. रोझ हिलच्या मैफलीत गांजा ओढला म्हणून त्याला धरलं होतं. २१ फेब्रुवारीला तो गेल्याची बातमी फुटली आणि दंगल उसळली, क्रिओल एका बाजूला आणि पोलीस दुसऱ्या, मग हळूहळू वस्ती विरुद्ध वस्ती. ती विझली असं वाटेपर्यंत मे उजाडला. २३ मे, रविवार. उत्तरेच्या आंजाले स्टेडियमवर विजेतेपद ठरवणारा सामना, स्काउट्स विरुद्ध फायर ब्रिगेड. फायर ब्रिगेड जिंकली. स्काउट्सचे चिडलेले पाठीराखे बाहेर पडले, वाटेत ऊस पेटला, आणि संध्याकाळी पोर्ट लुईत लामिकाल नावाच्या जुगारघराला आग लावली गेली. आत सात माणसं जळून मेली, त्यांत लहान मुलंही होती. पुढे चौघांना जन्मठेप झाली. त्या क्लबाच्या नावातला आणि त्या आगीतला तो भयंकर विनोद बाहेरच्याला पटकन सुचतो. तिथं तो कुणी करत नाही.

पुढे एका शनिवारी मी आंजाले स्टेडियम बघायला गेलो. सामना नव्हताच, फाटकातून आत डोकावता आलं तेवढंच. चहूबाजूंनी ऊस, आपल्या शिरोळ-हातकणंगल्यासारखा, फक्त वारा समुद्राचा. पाचटाचा तो कोरडा सरसर आवाज ऐकला की मला कुठंही घरी आल्यासारखं वाटतं, तसं तिथंही वाटलं आणि लगेच ओशाळल्यासारखं झालं. स्टेडियमला नाव आहे ते आंजाले कूपेन या उसाच्या मजूर बाईचं. १९४३ साली मजुरांनी संप केला, पोलिसांनी गोळी घातली, त्यात ती गेली. गरोदर होती. मजुरांच्या एकीची खूण म्हणून जिचं नाव मैदानाला दिलं, त्याच मैदानाच्या फाटकातून त्या रविवारी गर्दी बाहेर पडली होती. फाटकाशी एक बाई टोपलीतून लिची विकत होती. मी अर्धा किलो घेतल्या आणि बसथांब्यावर उभ्या उभ्या सगळ्या खाल्ल्या. दुसरं काय करायचं तेही सुचत नव्हतं.

आगीनंतर फुटबॉल बंद झाला. वर्षाहून जास्त काळ देशात लीग नाही. सुरू झाली तेव्हा सरकारनं जुने क्लब बाजूला सारून गावांचे, विभागांचे क्लब उभे केले. आता माणसानं आडनावाचा नाही, पत्त्याचा संघ धरायचा. पोर्ट लुईचा, क्यूरपीपचा, वाकोआचा, मोकाचा, सावानचा. राजधानीच्या संघाच्या तर नावातच २००० हा आकडा घातला, जणू मागचं सगळं मागच्या शतकात राहिलं. कागदावर याहून शहाणा निर्णय दाखवता येणार नाही. दंगली थांबल्या त्या थांबल्याच. फक्त लोक आले नाहीत. मामानं नेलं म्हणून गेलो, बापानं खांद्यावर बसवून दाखवलं म्हणून त्या रंगाचे झालो, हे तहसीलदारानं आखलेल्या हद्दीबद्दल होत नाही. १९७४ साली आफ्रिकन नेशन्स कपपर्यंत पोहोचलेला आणि १९८५ साली हिंदी महासागरातल्या बेटांच्या स्पर्धेत सोनं जिंकलेला हा देश. २००३ मध्ये त्यानं ते सोनं पुन्हा घेतलं, तेव्हा सगळे रस्त्यावर आले म्हणतात. पण रविवारचा लीगचा सामना असला की जॉर्ज सँकमध्ये पुन्हा ढोलपुरीवाला आणि आम्ही.

मग फुटबॉलवेडी माणसं गेली कुठं? ती इंग्लंडला गेली. शनिवारी संध्याकाळी कुठल्याही टपरीवजा बारमध्ये डोकवा, सगळे तिथं. माझ्या ऑफिसात एक चिनी वंशाचा अकाउंटंट, एक तमिळ मुलगी, दोन मुसलमान भाऊ आणि एक क्रिओल ड्रायव्हर सगळे लिव्हरपूलचे. बाकीचे मँचेस्टर युनायटेडचे, आणि सोमवारी सकाळी कॉफीच्या मशीनपाशी जी जुंपायची ती ऐकण्यासारखी. मजा म्हणजे त्या देशात आर्सेनल नावाचं खरोखरचं गाव आहे, फ्रेंचांच्या दारूगोळ्याच्या कोठारावरून पडलेलं. मी त्या मुलीला विचारलं, इथला सामना बघायला कधी गेलीस? तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला टपालानं पैसे पाठवतेस का असं विचारलं होतं. लिव्हरपूल कुणाचंच नाही म्हणून सगळ्यांचं होऊ शकतं, हे मला कळलं. पण चौदा महिन्यांत तिथला एकही खेळाडू ऑफिसात कुणाला नावानं माहीत नव्हता, याचं काय करायचं ते कळलं नाही.

गणपतीत कास्कावेलला गेलो होतो. तिथं चतुर्थीची देशभर सुट्टी असते, आणि पश्चिमेकडच्या या गावात मराठी घरं बरीच. दीडएकशे वर्षांपूर्वी कोकणातून आणि घाटावरून ऊस तोडायला आलेल्यांची ही पाचवी-सहावी पिढी. घरात बोलणं क्रिओल भाषेत. पण आरती सुरू झाली आणि 'सुखकर्ता दुखहर्ता' असं दणक्यात आलं की माझ्या अंगावर काटा आला. शेजारच्या पोराच्या हातात रोमन लिपीत छापलेलं आरतीचं पान होतं, आणि कुडत्याच्या गळ्यातून आतली लाल जर्सी दिसत होती, लिव्हरपूलची. प्रसादाला बसल्यावर त्याच्या वडिलांना मी सहज विचारल्यासारखं दाखवून विचारलं, तुम्ही कॅडेट्सचे का? त्यांचा हात पानावरच थांबला. 'माझे बाबा जायचे,' ते म्हणाले. 'मला न्यायचे. दुपारचं जेवण लवकर करून निघायचो, आई चिडायची.' मग थोडा वेळ ते उसळीतले दाणे बाजूला करत राहिले, आणि मला वाटलं आता पुढचं सांगतील. पण त्यांनी मुलाकडे एकदा पाहिलं आणि मला विचारलं, पुण्यात यंदा पाऊस कसा आहे?

तेव्हा मला आमचं शाहू स्टेडियम आठवलं होतं. कोल्हापूरच्या फुटबॉलबद्दल कोल्हापूरकरांना सांगायला नको आणि बाहेरच्यांना सांगून पटत नाही. शिवाजी तरुण मंडळ, पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार, प्रॅक्टिस. कुस्तीच्या तालमींनी पाळलेले फुटबॉल संघ. एप्रिलचं ऊन, तापलेल्या पायऱ्या, वर्तमानपत्राच्या पुडीत भडंग, हलगीचा कडकडाट आणि पेठेच्या नावानं घसा बसेपर्यंत आरोळ्या. आमच्या संघात शेख असतो, पाटील असतो, कांबळे असतो आणि अलीकडे नायजेरियाचा एखादा उंच पोरगाही असतो, जो दोन महिन्यांत 'काय भावा' म्हणायला शिकतो. जात-धर्म कुणी बघत नाही, पेठ बघतात. मॉरिशसच्या सरकारला जे कागदावर हवं होतं ते आमच्याकडे न मागता चालू आहे, असं मी मनाशी म्हणत होतो आणि मला फार अभिमान वाटत होता.

आता त्या म्हाताऱ्यांबद्दल. त्यांचं नाव मी इतका वेळ लिहिलेलं नाही. विसरलो नाही. पहिल्या दिवशी त्यांनी माझा क्लब सांगितल्यावर मीही त्यांना नाव विचारलं होतं, त्यांनी सांगितलं होतं, आणि ते ऐकताच मी मनात त्यांना एका स्टँडमध्ये बसवून टाकलं होतं. मग वर्षभर, त्यांच्या शेजारी बसून आठ-नऊ सामने बघितले तरी, त्या रात्री तुम्ही कुठं होतात हा प्रश्न माझ्या जिभेवर येऊन मागं जात राहिला. त्यांनी तोंडावर जे केलं ते मी मनात केलं, एवढाच फरक. नाव इथं लिहिलं तर तुम्हीही करणार, म्हणून लिहीत नाही.

परत यायच्या आधीचा शेवटचा सामना. पुन्हा क्यूरपीप, पुन्हा झिमझिम. या वेळी ढोलपुरी मी नेली होती, मिरची जास्त घालून. आजूबाजूची पोरं त्यांना तोंतों, म्हणजे काका, म्हणायची, तोपर्यंत मीही म्हणायला लागलो होतो. म्हटलं, तोंतों, एक सांगायचं राहिलं. मी कॅडेट्सचा नाही. माझ्या गावात माझा खरा क्लब आहे. आणि मग मी त्यांना पेठ, तालीम, हलगी, भडंग असं सगळं सांगितलं, हातवारे करून, मोडक्या हिंदीत. ते मान तिरकी करून ऐकत होते.

'त्यात सगळे तुमचेच लोक?'

'नाही. सगळ्या प्रकारचे. हिंदू, मुसलमान, सगळे. पेठेचा तो आमचा.'

'आणि लोक येतात बघायला?'

'बसायला जागा नसते.'

त्यांनी थोडा वेळ मैदानाकडे पाहिलं. पाम्प्लेमूस असतील किंवा दुसरं कुणी, त्यांच्या बॅकनं बॉल साइडलाइनच्या बाहेर मारला आणि तो आणायला कुणी बॉलबॉय नसल्यानं तो स्वतःच पळत गेला.

'मग मारामारी होत नाही?' तोंतोंनी विचारलं.

मला फेकलेल्या बाटल्या आठवल्या. अर्ध्यात थांबलेला सामना आठवला, काठ्या घेऊन पायऱ्यांवर चढणारे पोलीस आठवले, डोक्याला टाके पडलेला माझाच चुलत भाऊ आणि रात्री अकराला पेठेच्या तोंडाशी उभी असलेली पोलिसांची गाडी आठवली.

'होते,' मी म्हणालो.

ते हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, मग खोकला. मी त्यांच्या पाठीवर हात फिरवत होतो आणि मलाही हसू आवरत नव्हतं. रिकाम्या स्टँडमध्ये ते हसू इतकं घुमलं की तिकडच्या टोकाचा लाइन्समन वळून बघायला लागला. डोळे पुसून त्यांनी छत्रीच्या टोकानं खाली बोट दाखवावं तसं दाखवलं. बंदोबस्ताला दोन पोलीस आले होते. छपराखाली, भिंतीला टेकून, रेनकोटची टोपी डोळ्यांवर ओढून दोघंही गाढ झोपले होते.